झिरोचा बल्ब

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठ दिवस आधी आमच्या गावच्या घरातला एक दिवा विझेचना. बटण बंद केलं होतं. पंखा थांबला, ओट्यावरचा दिवा गेला, पण मधल्या घरातला नवा एलईडी बल्ब काळोखात धुगधुगत राहिला. उजेड म्हणावा असं काही नव्हतं, पण बल्ब कुठे आहे ते दिसत होतं. माय खाटेवर उठून बसली.

"भाऊ, हाऊ बल्ब मरस नही रे."

मी अर्धवट झोपेत म्हणालो, सकाळी बघू. ती पुन्हा आडवी झाली, पण डोळे वरच होते. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, "नवा शे ना." एवढंच. त्या तीन शब्दांत मी दिवसभर केलेल्या कामाचा निकाल लागला होता.

दिवसभर केलं काय, तर घरातले अकराच्या अकरा दिवे बदलले. पिवळे बल्ब काढले, दोन ट्यूब काढल्या, त्यांच्या चोक-पट्ट्या काढल्या आणि जळगावहून आणलेले एलईडी लावले. शहरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये हे २०१६ सालीच झालं होतं. गावचं घर मागे राहिलं, कारण तिथे नानांचा, म्हणजे वडिलांचा, साठा होता. नाना गेले २०१३ मध्ये. मागे त्यांनी चार वह्या, एक सायकल आणि कोठीच्या फडताळात पुठ्ठ्याच्या खोक्यात भुसा घालून ठेवलेले बल्ब सोडले होते. साठचे, चाळीसचे, थोडे शंभरचे. साठा संपल्याशिवाय नवे आणायचे नाहीत, असं मायने ठरवून टाकलं. नानांच्या हिशेबाने जगायची तिला इतकी सवय होती, की ते नसतानाही तो हिशेब चालूच राहिला. बल्बही चिवट. वर्षाला एखाद-दुसरा उडायचा.

नाना विकास सोसायटीचे सचिव. गावातल्या कुणावर किती पीककर्ज, कुणाचा किती हप्ता थकला हे त्यांना तोंडपाठ, आणि घरातही तीच शिस्त. दिव्यांची उतरंड ठरलेली होती. बैठकीत शंभरचा, तो फक्त पाहुणे आले की लागायचा. मधल्या घरात साठचा. स्वयंपाकघरात चाळीसचा, कारण "चूलना उजाया ऱ्हासच". न्हाणीत पंचविसाचा. आम्ही भावंडं अभ्यासाला साठच्या खाली बसायचो आणि मधूनच नानांचा हात बटणाकडे जायचा. वाचणारा कोण आणि पेंगणारा कोण हे बघून ते उजेड मंजूर करत. महिन्याच्या एक तारखेला ते स्टुलावर चढून मीटरचा आकडा वहीत लिहायचे. शंभर युनिटांच्या आत राहिलं तर दर कमी, वर गेलं की दर चढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. एकदा दिवाळीच्या महिन्यात एकशे चार झाले, तर वहीत त्या आकड्याखाली लाल रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात कारण: "मुलगी + जावई, ६ दिवस."

चाळीसच्या त्या बल्बाबद्दल मी फार उशिरा विचार केला. माय चाळिशीनंतर म्हणायला लागली होती, "माले कमी दखास." नाना म्हणायचे, डोळे तपासून घे. डोळे तपासले, चष्मा आला, तरी तांदळातला खडा दिसेना. वय वाढतं तसं डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आतलं भिंग पिवळसर पडतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे स्वयंपाकघरातला चाळीसचा बल्ब मायसाठी वर्षावर्षाला आपोआप लहान होत गेला. वहीत मात्र तो चाळीसच राहिला.

या सगळ्या काटकसरीत एक दिवा नानांनी कधी मोजला नाही. झिरोचा बल्ब. मधल्या घरात रात्रभर जळणारा, लालसर काचेचा, कोंबडीच्या अंड्याएवढा. लहानपणी मला रात्री उठायची भीती वाटायची म्हणून तो लागला आणि मी पन्नाशीला आलो तरी लागतच होता. बाकी सगळ्या दिव्यांवर पहारा ठेवणारे नाना त्याच्या वाटेला जात नसत, कारण नावच झिरो. झिरोला काय लागणार?

झिरोचा बल्ब झिरो नसतो. तो बारा ते पंधरा वॉट खातो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढा बारीक भार जाणवायचा नाही, म्हणून ते नाव पडलं, असं जुने वायरमन सांगतात. मीटर बदलले, इलेक्ट्रॉनिक आले, बारीकसारीक सगळं मोजायला लागले. नाव मात्र तेच राहिलं. पंधरा वॉट, रोज नऊ तास, वर्षभर: एकोणपन्नास युनिटं. आणि औष्णिक केंद्रात एका युनिटामागे अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो. आमच्या भागात वीज म्हटली की भुसावळजवळच्या दीपनगरची धुराडी डोळ्यांसमोर येतात. आपल्या घरात येणारी वीज नेमकी कुठली, हे तारेला विचारता येत नाही, ते सगळं एकाच जाळ्यात मिसळतं, पण कोळसा कुठेतरी जळतोच. आमच्या त्या अंड्याएवढ्या बल्बासाठी दर वर्षी तीसेक किलो. नानांना मी हे सांगू शकलो असतो तर त्यांनी आधी माझा गुणाकार तपासला असता, मग मुकाट्याने उठून बल्ब काढला असता.

आता साठच्या बल्बाची गोष्ट. त्याच्या आत टंगस्टनची बारीक वळ्यावळ्यांची तार असते. ती अडीच हजार अंशांच्या आसपास तापते तेव्हा कुठे तिला उजेड फुटतो. शंभरातले नव्वदहून जास्त भाग उष्णतेत जातात. वैशाखात, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, तेव्हा घरात हौसेने शेगड्या टांगून त्यांच्या उरल्यासुरल्या उजेडात आम्ही बसायचो, असाच त्याचा अर्थ. कापसाला मोकाट पाणी सोडावं तसं. सगळं शेत भिजतं, बांध फुटतो, शेजाऱ्याची वाट चिखलाची होते आणि झाडाच्या मुळाशी जातं थोडंसंच. एलईडी म्हणजे ठिबक. नऊ वॉटमध्ये साठच्या बल्बाएवढा, किंबहुना थोडा जास्तच उजेड. खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे याहून जास्त समजावून सांगायची गरज पडत नाही.

मधे सीएफएलचं एक राज्य येऊन गेलं. जिलेबीसारख्या वळणाच्या त्या नळ्या. नानांनी एकदाच आणली, स्वयंपाकघरात लावली, आठ महिन्यांत गेली. त्यांनी वहीत लिहिलं, "फसवणूक." खरं तर दोष आमच्या व्होल्टेजचाही असावा. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावठाणातली वीज अशी खाली बसायची, की ट्यूब नुसती फडफडत राहायची आणि नाना काठीने तिला टोचत बसायचे. पिवळ्या बल्बाचं बरं होतं. तो पडल्या व्होल्टेजमध्येही जळायचा, फक्त रंग बदलायचा. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की त्याचा उजेड जवळपास तीस टक्के उतरतो, त्यामुळे आमच्या घरातला साठचा बल्ब हा गावाचा व्होल्टमीटरच होता. पांढरट-पिवळा म्हणजे ठीक. केशरी झाला की माय म्हणायची, मोटारी चालू झाल्या. अगदी तांबडा झाला की नाना ओट्यावरून शेजारच्या काकांना हाक मारायचे, मोटार बंद करा, जळेल.

आणि मग तांबडाही नाही. २००५ नंतरची सात-आठ वर्षं आठवली की आजही अंगाला घाम फुटतो. भारनियमन. कधी बारा तास, कधी चौदा. माय तेव्हा जुना कंदील काढायची, काच राखेने पुसायची, आणि मला मनातून बरं वाटायचं, कारण सगळं घर एका जागी येऊन बसायचं. हे लिहिताना मलाच जाणवतंय की बरं वाटायचं ते मला. कंदिलाच्या उजेडात भाकरी थापणारा मी नव्हतो.

एलईडीतलं नवल मला बराच काळ कळलं नव्हतं. लाल ठिपका तर आपण लहानपणापासून बघत होतो. रेडिओवर, टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर. लाल एलईडी १९६२ सालचा. अडलं होतं ते निळ्यापाशी. निळा उजेड देणारी चिप काही केल्या साधेना, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ते विसाव्या शतकाच्या शेवटी साधलं. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. आपल्या घरातला पांढरा बल्ब आतून निळाच असतो. निळ्या चिपेवर पिवळ्या रंगाचा लेप असतो, निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. पुढचं काम खरेदीने केलं. स्वस्तात एलईडी देणाऱ्या उजाला योजनेसाठी सरकारी खरेदीत २०१४ साली एका बल्बाला तीनशे दहा रुपये पडत होते, दोनेक वर्षांत तोच भाव चाळिसाच्या खाली आला. देशभरात त्या योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. त्यातले चार माझ्या फ्लॅटमधले. शंभरेक रुपयांना एक, रांगेत उभं राहून, वीजबिल दाखवून घेतलेले. त्यातले तीन अजून जळतात.

पण गावच्या घराला बल्ब आणायला गेलो तेव्हा अडचण आली ती रंगाची. मला पिवळसर उजेडाचे हवे होते. दुकानदाराने मागे न बघताच सांगितलं, "पांढराच चालतो, साहेब. पिवळा कोण घेतं?" दुसऱ्याने विचारलं, "नाइट लॅम्प पाहिजे का?" आपल्याकडे उन्हाळा एवढा, की पांढरा उजेड लोकांना गार वाटतो, पिवळा म्हणजे उकाडा. डोक्यात बसलंय ते असं. शेवटी मीही पांढरेच घेतले. खोक्यावर एक ओळखीचं नाव होतं आणि ते बघून गंमत वाटली. ज्या कंपनीचे बल्ब आज देशभर विकले जातात, ती विप्रो १९४५ साली आमच्या तालुक्याच्या गावी, अमळनेरात, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. अमळनेरला साने गुरुजी आठवणारे एक आणि त्या कंपनीचे शेअर आठवणारे दुसरे, असे दोन प्रकारचे लोक भेटतात. आमचे नाना पहिल्या प्रकारचे. त्यांच्याकडे शेअर नव्हते, बल्ब होते.

मायने स्वयंपाकघरातला नवा दिवा लावून बघितला. नवा म्हणजे बारा वॉटचा, घरातला सगळ्यात मोठा. तो मी मुद्दाम चुलीवर लावला होता. आता गॅस आहे, तरी आम्ही चुलीवरच म्हणतो. तिने वर बघितलं, हात डोळ्यांवर धरला. "दवाखानाना मायक दखास." मग भाकरी टाकली. कळण्याची भाकर, तिच्यावर डाग नेमके केव्हा पडतात हे ती पन्नास वर्षं पिवळ्या उजेडात बघत आलेली. त्या दिवशी दोन भाकरी करपल्या. "भाकर कच्ची दखास नि खावाले करपेल," ती म्हणाली. तिचं खरं होतं. तापलेल्या तारेच्या उजेडात सगळे रंग पुरेपूर असतात, तांबडे तर जास्तच. स्वस्त एलईडीत तांबड्याची बाजू लंगडी असते, तपकिरी आणि करडं सारखंच दिसायला लागतं. दोन दिवसांनी जळगावातल्या चार दुकानांत फिरून मी वॉर्म व्हाइट म्हणतात तसला पिवळसर बल्ब मिळवला आणि स्वयंपाकघरात तो लावला. ती काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळी तिने तांदूळ निवडायला ओट्यावर नेले नाहीत, तिथेच, दिव्याखाली बसून निवडले.

आता त्या न विझणाऱ्या बल्बाकडे येतो.

सकाळी मी मोबाइलवर शोधाशोध करून तिला सांगितलं, की बल्ब खराब असेल, बदलू. दुसरा लावला. रात्री तोही धुगधुगला. तिसरा लावला, तोही. मग स्वयंपाकघरातलं बघितलं, तर तिथेही तसंच, फक्त जरा कमी. बैठकीतला आणि ओट्यावरचा मात्र बटण दाबलं की ठार अंधार. मायचं म्हणणं, बल्बातच भूत. माझं म्हणणं, ओलावा. शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान आहे त्यांचं, घरांचं काम आता फारसं करत नाहीत, पण नानांच्या ओळखीखातर आले.

आमच्या घराची वायरिंग नानांच्या हातची. १९८४ साली धाब्याचं घर दुरुस्त केलं तेव्हा अमळनेरच्या मिलमध्ये कामाला असलेल्या मित्राकडून शिकून त्यांनी स्वतः केलेली. लाकडी पट्ट्या, त्यावर क्लिपांनी बसवलेल्या वायरी, लाकडी बोर्ड, काळी गोल बटणं, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. त्या पट्ट्या ओळंब्यात इतक्या सरळ, की गावात कुणाचं घर बांधायला निघालं की बघायला यायचे. नानांना स्वतःच्या दोन गोष्टींचा अभिमान होता. एक सोसायटीचा ताळेबंद आणि दुसरी ही वायरिंग.

जिभाऊंनी बटण बंद ठेवलं, बल्ब काढला आणि होल्डरच्या आतल्या एका पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बटण बंद असताना. त्यांनी मान हलवली, बोर्ड उघडला, दोन मिनिटं बघितलं आणि हसले.

"बटन न्यूट्रलवर शे."

सांगतो. दिव्याला दोन तारा जातात. एक फेज, जिच्यात जीव असतो, आणि एक न्यूट्रल, जी परत जाते. बटण फेजवर हवं, म्हणजे बटण बंद केलं की दिव्यापर्यंत वीज येतच नाही. न्यूट्रलवर बसवलं तरी दिवा विझतो, कारण वाट तुटते. पण होल्डरपर्यंत वीज येऊन उभीच असते, दारात उभ्या असलेल्या माणसासारखी. शेजारी शेजारी गेलेल्या लांब वायरींतून आणि जुन्या भिंतीच्या ओलाव्यातून तिला निसटायला केसाएवढी फट मिळते. साठच्या बल्बाला तेवढ्याने काही होत नाही. त्याची तार कोमटसुद्धा होत नाही. एलईडीला मात्र तेवढंही पुरतं. तो थेंब थेंब साठवतो आणि धुगधुगतो.

मी विचारलं, खांबावर तारा उलट्या जोडल्या गेल्या असतील का? वादळानंतर तसंही होऊ शकतं. जिभाऊ म्हणाले, तसं असतं तर सगळं घर उलटं झालं असतं. इथे दोनच बोर्ड उलटे आहेत. मधलं घर आणि स्वयंपाकघर. हे पहिल्या दिवसापासूनचं आहे.

मी हिशेब केला. १९८४ पासून. चाळीस वर्षं.

माय दारात उभी होती. तिने विचारलं, "म्हंजे बटन बंद करं तरी करंट ऱ्हाये?"

जिभाऊ म्हणाले, हो माय.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पदराने ओठ पुसून म्हणाली, "मी सांगेल व्हतं."

आणि तिने खरंच सांगितलं होतं. दर दिवाळीला. दिवाळीच्या आधी घर झाडायचं, जाळी काढायची, धूर बसून काळवंडलेले बल्ब आणि होल्डर ओल्या फडक्याने पुसायचे, हे तिचं काम. स्टुलावर चढायची, एक हात भिंतीला टेकवायची, आणि दर वर्षी स्वयंपाकघरात किंवा मधल्या घरात कधीतरी ती "माय वं!" करून हात मागे घ्यायची. मग ओट्यावर जाऊन नानांना सांगायची, बटन बंद शे, तरी बी झटका बसस. नाना आत यायचे, बटण दोनदा खालीवर करून दाखवायचे. दिवा लागतो, दिवा जातो. "बटन बंद म्हंजे लाइन बंद. तुले वहम व्हयना." आम्ही भावंडं हसायचो. मी तर मोठा झाल्यावर, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना, तिला स्थिर विजेबद्दल व्याख्यान दिलं होतं. नायलॉनच्या साडीमुळे होतं म्हणून सांगितलं होतं. घरात टेस्टर होता. नानांच्या हत्यारांच्या डब्यात, पिवळ्या मुठीचा. तो त्या पिनेला लावायला दहा सेकंद लागली असती. ना त्यांनी लावला, ना मी.

साडीचं ते मला आजही लागतं. नाना निदान इंजिनिअरिंग शिकलेले नव्हते.

जिभाऊंनी दोन्ही बोर्डांतल्या तारा बदलल्या, अर्ध्या तासाचं काम. अर्थिंगही बघितलं आणि नवं करून घ्यायला सांगितलं, वीज गळाली की लाइन तोडणारी एक आरसीसीबी बसवायला सांगितली. तेही आता झालंय. जाताना त्यांचं लक्ष मी काढून ठेवलेल्या पिवळ्या बल्बांच्या खोक्याकडे गेलं. "हाई फेकू नका," ते म्हणाले, "माले द्या." मला वाटलं जुन्या वस्तूंची माया. तसं नव्हतं. मोटारी भरणाऱ्या प्रत्येक दुकानात एक सिरीज बोर्ड असतो. भरलेली मोटार सरळ लाइनवर टाकत नाहीत, आधी मोठ्या बल्बाच्या सिरीजमध्ये टाकून बघतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, ठीक असेल तर मंद राहतो, सगळं कळतं आणि काही जळत नाही. तिथे एलईडी चालत नाही. त्याच्या आतलं सर्किट स्वतःच वीज सांभाळून घेतं, त्यामुळे तो खरं सांगत नाही. "मोठा बल्ब आते भेटतस नही," जिभाऊ म्हणाले. नानांच्या साठ्यातले शंभरचे चार बल्ब त्यांनी फडक्यात गुंडाळून नेले. भुशासकट. पाहुण्यांसाठी ठेवलेले बल्ब शेवटी सबमर्सिबल मोटारींच्या कामी आले, याला नानांची हरकत नसती.

म्हणजे बघा, एका बल्बाने चाळीस वर्षं दडलेली चूक दाखवली आणि दुसरी एक गोष्ट झाकली. नवे दिवे आता व्होल्टेज पडलं तरी सारखेच जळतात. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या हे मायला दिव्यावरून कळत नाही. परवा फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरला तेव्हा कळलं.

बिलाचं विचाराल तर, कमी झालं. साठच्या जागी नऊ म्हणजे एक्कावन्न वॉट, रोज पाच तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला त्र्याण्णव युनिटं. पण खरं सांगायचं तर दिवे बदलणं हे यातलं सोपं काम आहे, म्हणून सगळे तेच करतात आणि फोटो टाकतात. आपल्याकडे खरा खाणारा पंखा. फाल्गुनापासून मृगापर्यंत दिवसाचे अठरा तास. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा काढून तिशीतला, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी लावला तर त्या दिवसांत एक पंखा तीन दिव्यांएवढी बचत करतो. मधल्या घरात तो लावला आहे. कूलरचं अजून काही करता आलेलं नाही, आणि वैशाखात कूलर बंद ठेवा असं मायला सांगायची माझी छाती नाही.

शिवाय बचत टिकत नाही. चोपड्याकडच्या मामांनी ठिबक केलं तेव्हा पाणी वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर त्यांनी अजून दोन एकर केळी लावली. विहीर होती तिथेच आली. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय: इंजिनं कमी कोळशात चालायला लागली, तसा देशाचा कोळशाचा खप उलट वाढला. आमच्या घरात अकरा दिवे होते, वर्षभरात सोळा झाले. ओट्यावर एक, मागच्या दारी एक, गोठ्यात एक, तुळशीपाशी एक, आणि एक धाब्याच्या जिन्यावर. सगळे मीच लावले. "कितला खास?" माय विचारते. मी म्हणतो, काहीच नाही. म्हणजे झिरो. जीभ चावावी असं होतं, पण उच्चारून झालेलं असतं.

जिन्यावरच्या दिव्याची मात्र गरज होती. ती तिथे दोनदा पडली होती. हे मला दिवा लावल्यावर कळलं.

आखाजीला दोघी बहिणी आल्या. झाडाला झोका बांधला, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मायने वायरिंगची गोष्ट सांगितली. आधी धाकटीला. बटण बंद होतं, झटका बसायचा, तुमचा बाप ऐकायचा नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, त्यांना सांगताना झटका कोपरापर्यंत गेला होता. तिसऱ्या दिवशी जावयांना सांगताना ती स्टुलावरून खाली पडली होती आणि नाना धावत आले होते. मी तोंडात घास घेऊन ऐकत होतो. मधे एकदा तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलतो का ते बघायला.

मी रसाची वाटी पुढे केली आणि म्हणालो, "पुढे सांग."